गळाला परवाना, पैशाला हिशेब

तळ्याकाठी गळ टाकून बसायचे तर त्यासाठी सरकारी परवाना कशाला, असा प्रश्न आपल्याकडच्या माणसाला पडणे साहजिक आहे. कोकणात पऱ्ह्यावर पोरे गरवायला बसतात, मृगाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर भातखाचरात चढून आलेले मासे सगळा गाव धरतो, आणि कुणी कुणाला कागद विचारत नाही. हाच माणूस मुलाकडे न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहायला गेला की त्याला वेगळेच ऐकायला मिळते. नातवासाठी दुकानातून आणलेली काठी हातात घेण्याआधी त्याला स्वतःच्या नावाचा परवाना काढावा लागतो. मासा पकडून लगेच पाण्यात सोडायचा असला तरी लागतो आणि दिवसभरात एकही मासा लागला नाही तरीही लागतो. कारण परवाना माशाचा नसतो, गळ टाकण्याचा असतो. ऐकणाऱ्याला ही अडवणूक वाटते. माझे मत उलट आहे. हौशी मासेमारीला परवाना असावा आणि तो महाराष्ट्रातही यावा, असे मला वाटते. मात्र माझी बाजू दोन अटींवर उभी आहे. परवान्यातून आलेला पैसा पाण्याकडेच परत गेला पाहिजे, आणि परवानाधारकाने काय पकडले, कुठे पकडले याची नोंद राहिली पाहिजे. या दोन गोष्टी नसतील तर तो परवाना म्हणजे नुसती पावती, आणि अशा पावत्यांची आपल्याकडे मुळीच टंचाई नाही.

अमेरिकेपासून सुरुवात करायची ती तिथे सारे आदर्श आहे म्हणून नव्हे. पहिली अट तिथे कायद्यात लिहिलेली आहे, आणि तिथल्या मराठी कुटुंबांना हा परवाना प्रत्यक्ष काढावा लागतो, म्हणून. त्या देशात मासेमारीचा एकच राष्ट्रीय परवाना नाही. प्रत्येक राज्याचा वेगळा. न्यू जर्सीत गोड्या पाण्यासाठी १६ ते ६९ वर्षे वयाच्या प्रत्येक रहिवाशाला तो लागतो. त्याहून लहान मुलांना आणि सत्तरी गाठलेल्या रहिवाशांना लागत नाही. म्हणजे वर सांगितलेले आजोबा तिथले रहिवासी झालेले आणि ७२ वर्षांचे असतील तर ते सुटले, ६५ चे असतील किंवा नुसते पाहुणे असतील तर नाही. ट्राउट हा मासा धरायचा असेल तर परवान्याखेरीज ट्राउटचा वेगळा शिक्का घ्यावा लागतो. समुद्रात मात्र त्याच राज्यात परवाना नाही, फक्त विनामूल्य नावनोंदणी आहे. टेक्सासमध्ये वयाची अट १७ ची आहे, पण राज्य उद्यानाच्या हद्दीत काठावरून गळ टाकणाऱ्याला परवाना माफ आहे. कॅलिफोर्नियात समुद्रातल्या सार्वजनिक धक्क्यावरून मासे धरायला परवाना लागत नाही, वर्षातून दोन दिवस तर कुठेच लागत नाही, आणि २०२३ पासून तिथला वार्षिक परवाना ३१ डिसेंबरला संपण्याऐवजी घेतल्या दिवसापासून ३६५ दिवस चालतो. शेजारच्या राज्यात गेलो की हे सगळे नियम बदलतात, म्हणून मित्राने सांगितले त्यावर विसंबू नये. ज्या राज्यात पाणी आहे त्या राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याचे चालू वर्षाचे नियम वाचावेत.

परवाना काढणे अवघड नाही. खात्याच्या संकेतस्थळावर, वॉलमार्टसारख्या मोठ्या दुकानात किंवा आमिष विकणाऱ्या छोट्या टपरीतही तो काही मिनिटांत मिळतो. ओळखपत्र लागते. तिथल्या रहिवाशाला सोशल सिक्युरिटी क्रमांक विचारला जातो. त्याचे कारण माशांशी संबंधित नाही: मुलांच्या पोटगीची थकबाकी ठेवणाऱ्यांना शोधता यावे म्हणून केंद्रीय कायद्याने सर्व हौशी परवान्यांच्या अर्जात तो घ्यायला लावला आहे. पाहुण्याकडे हा क्रमांक नसतो. त्याने पासपोर्ट जवळ ठेवावा. 'रहिवासी' कोण, हेही राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात सलग सहा महिने राहिल्यावर तो दर्जा मिळतो, न्यूयॉर्कमध्ये ३० दिवसांनी. बाहेरच्यांना शुल्क बरेच जास्त पडते, पण त्यांच्यासाठी एक दिवसाचे किंवा थोड्या दिवसांचे परवानेही असतात, आणि सुट्टीत आलेल्या आईवडिलांसाठी तेच सोयीचे. आपल्या लोकांकडून होणारी नेहमीची चूक एकच: घरातल्या एकाने परवाना काढला की चौघांनी आळीपाळीने काठी धरायची. परवाना माणसागणिक असतो, काठीगणिक नाही. पाण्यावर फिरणारा अधिकारी तो पाहायला मागतो, आणि त्याबरोबर बादलीतले मासेही मोजतो. कारण कोणत्या जातीचे दिवसाला किती मासे घ्यायचे, किती लांबीपेक्षा लहान मासा परत सोडायचा, हे ठरलेले असते. मोजपट्टी सोबत ठेवावी.

आता पैसा कुठे जातो ते पाहू, कारण माझ्या म्हणण्याचे मर्म तिथे आहे. ९ ऑगस्ट १९५० रोजी अमेरिकेत एक कायदा झाला. मिशिगनचे जॉन डिंगेल आणि कोलोरॅडोचे एडविन जॉन्सन या दोन लोकप्रतिनिधींच्या नावांवरून तो डिंगेल-जॉन्सन कायदा म्हणून ओळखला जातो. काठ्या, रिळे, कृत्रिम आमिषे अशा मासेमारीच्या सामानावर उत्पादकाकडून दहा टक्के कर घ्यायचा आणि तो केवळ मासे आणि त्यांच्या पाण्यावर खर्च करायचा, अशी त्याची योजना होती. १९८४ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन मोटारबोटींच्या इंधनावरील कराचा भागही या निधीत येऊ लागला. हा निधी राज्यांना वाटण्याचे सूत्र लक्ष देऊन वाचावे असे आहे: ४० टक्के वाटप राज्याच्या जमिनीच्या आणि पाण्याच्या क्षेत्रफळावर, आणि ६० टक्के वाटप त्या राज्यात पैसे भरून परवाना घेतलेल्यांच्या संख्येवर. म्हणजे माणसाने परवाना काढला की त्याचे शुल्क तर राज्याला मिळतेच, शिवाय केंद्रीय निधीतला राज्याचा वाटाही वाढतो. मान्य प्रकल्पाच्या खर्चापैकी ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम या निधीतून येते, २५ टक्के राज्याने घालायचे. पण यासाठी एक कडक अट आहे. परवान्याचे शुल्क मत्स्य आणि वन्यजीव खात्याच्या कामाबाहेर वापरणार नाही, असा कायदा राज्याने स्वतः केलेला असला पाहिजे. राज्याच्या अर्थमंत्र्याला तुटीच्या वर्षी त्या पैशाकडे बोट दाखवता येत नाही. दाखवले तर केंद्रीय वाटा धोक्यात येतो.

या अटीचे महत्त्व ज्याने आपल्याकडे उपकर पाहिले आहेत त्याला वेगळे सांगायला नको. एका कामासाठी गोळा केलेला पैसा सर्वसाधारण तिजोरीत पडला की त्याचा माग लागत नाही. तिथे मात्र माग लावता येतो. न्यू जर्सीतल्या पेक्वेस्ट इथल्या केंद्रात दरवर्षी लाखो ट्राउट वाढवून ओढ्यांत आणि तळ्यांत सोडले जातात, आणि ते केंद्र पाहायला लोकांना येऊ देतात. परवान्याचे पैसे भरणारा माणूस वर्षभराने तिथे उभा राहून आपले पैसे टाकीत पोहताना पाहू शकतो. बोटी उतरवायचे धक्के, शाळांतले पाण्याविषयीचे वर्ग, नद्यांची पाहणी करणारे जीवशास्त्रज्ञ, या सगळ्यांचा खर्चही यातूनच निघतो. आणि मासा संपत आला तर मासेमारी थांबवण्याचे बळही अशा यंत्रणेतच असते. अटलांटिक किनाऱ्यावरचा स्ट्राइप्ड बास हा मासा घसरणीला लागला तेव्हा मेरीलँड राज्याने १९८५ पासून १९९० पर्यंत तो पकडायला पूर्ण बंदी घातली. १९९५ मध्ये तो सावरल्याचे जाहीर झाले. अलीकडे त्याची संख्या पुन्हा घटली आणि पुन्हा मर्यादा कडक झाल्या. यश कायमचे नसते. पण मोजणारा कुणी असला म्हणजे घट वेळेत दिसते.

इतर देशांनी याच गरजेवर आपापली उत्तरे काढली आहेत. इंग्लंडमध्ये १३ वर्षांवरील प्रत्येकाला गळाचा परवाना लागतो, १६ वर्षांपर्यंत तो फुकट असतो, आणि परवान्याविना सापडल्यास अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय ज्याचे पाणी त्याची परवानगी वेगळी. १५ मार्च ते १५ जून हे तीन महिने नद्यांतल्या बहुतेक साध्या माशांना मोकळे दिले जातात, कारण तो विणीचा काळ. जर्मनीने तर परीक्षाच ठेवली आहे. बव्हेरियात परवान्याआधी किमान ३० तासांचा वर्ग पुरा करावा लागतो: माशांची ओळख, पाण्याचे शास्त्र, कायदा, आणि मासा यातना न होता कसा मारायचा तेही. म्युनिकला नोकरीसाठी गेलेल्या मराठी अभियंत्याला ही अट जाचक वाटेल. पण ज्या माणसाला आपण काय धरतो आहोत हे ओळखता येत नाही त्याच्या हाती गळ देऊ नये, या विचारात मला काही चूक दिसत नाही.

हे सारे विलायती आहे, आपल्या मातीत रुजणार नाही, असे कुणी म्हणेल तर त्याने थोडा इतिहास पाहावा. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात वर्षातले काही ठरावीक दिवस मासे मारायला आणि विकायला मनाई केली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात गळाने मासे धरण्याच्या विनोदावर, म्हणजे करमणुकीवर, स्वतंत्र प्रकरण आहे. इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टनचे गळावरचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ साली आले. सोमेश्वर त्याच्या पाचशे वर्षे आधीचा. आणि नियमाचे म्हणाल तर रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंड आहे. तिथल्या डोहातले महाशीर मासे देवीचे मानले जातात, त्यांना भाविक खाऊ घालतात, कुणी गळ टाकत नाही. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वराच्या डोहातही तेच. एकही शिपाई नसताना पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेलेली ही बंदी कायद्यापेक्षा भक्कम ठरली आहे. मात्र तिची हद्द डोहाबरोबर संपते. डोहाच्या वर आणि खाली तोच मासा सुरुंगालाही बळी पडतो, आणि पावसाच्या सुरुवातीला गाभोळीने भरलेली मादी ओढ्यातून वर चढते तेव्हा वलगणीचे मासे म्हणून तिला आनंदाने धरले जाते. विणीला निघालेला मासा धरणे म्हणजे पुढच्या वर्षीचे बियाणे दळून खाणे.

कायदा आपल्याकडे नाही असेही नाही. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच गुन्हा ठरवले, आणि महाराष्ट्राने १९६० मध्ये स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम केला. हौशी गळासाठी परवाना देण्याची परंपराही देशात जुनी आहे. काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास ब्रिटनहून ट्राउटची अंडी आणून तो मासा रुजवला गेला, हिमाचलात १९०९ मध्ये. दोन्हीकडे आजही मत्स्यखात्याचा परवाना काढून ठरावीक पट्ट्यातच गळ टाकता येतो. काश्मिरात नदीचे असे पट्टे पाडून त्यावर किती काठ्या चालतील तेही ठरवले जाते. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटला हात लावायचा नाही, कारण तो थंडीत वितो. खालच्या नद्यांतल्या महाशीरला पावसाळ्यात सुट्टी. मनालीला जाणारा मराठी पर्यटक तीर्थन खोऱ्यात एक दिवसाचा परवाना काढून बसू शकतो, आणि तिथल्या गावकऱ्यांना या गळवाल्या पाहुण्यांकडून चार पैसे मिळतात. महाराष्ट्रात चित्र विस्कळीत आहे. धरणांच्या जलाशयांतले मासेमारीचे हक्क बहुतांश ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनसारखी जुनी संस्था आपल्या सभासदांपुरते नियम पाळते, आणि बाकी नदीनाल्यांवर जो तो आपापला. आज कुणाला रीतसर गळ टाकायचा असेल तर त्याने जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात त्या जलाशयाचा ठेका कुणाकडे आहे हे विचारावे, त्या संस्थेची परवानगी घ्यावी आणि धरण ज्या खात्याचे त्याचे प्रवेशाचे नियम पाळावेत. अभयारण्यातले पाणी असेल तर तिथे वनखात्याचा शब्द शेवटचा.

माझी दुसरी अट नोंदीची. ती पहिलीइतकीच महत्त्वाची का, हे कावेरीने दाखवून दिले आहे, आणि त्या गोष्टीचे एक टोक पुणे जिल्ह्यात आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीरचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. टॉर खुद्री हे त्याचे शास्त्रीय नाव. पुढे धरणे आणि सांडपाणी यांनी त्याची वाट अडवली. १९७० च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवणला या माशाचे कृत्रिम प्रजनन सुरू केले, आणि तिथे वाढवलेली पिल्ले अनेक राज्यांत पाठवली गेली. हेतू निखळ चांगला होता. कावेरीतही ती सोडली गेली. पण कावेरीत तिचा स्वतःचा मोठा, पाठीवर कुबड असलेला महाशीर होता. १९४६ मध्ये कावेरीची उपनदी काबिनी इथे गळाला लागलेल्या अशा माशाचे वजन १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो भरले होते. कावेरीकाठी गळ टाकायला येणाऱ्यांसाठी छावण्या होत्या. मासा धरायचा, मापायचा, वजन लिहायचे आणि सोडून द्यायचा, हा तिथला नियम. पूर्वी चोरून मासे मारणारेच तिथे वाटाडे झाले होते. गळिबोरे इथल्या छावणीच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या वह्या पुढे संशोधकांच्या हाती आल्या. सहा हजारांहून अधिक माशांच्या नोंदी त्यात होत्या. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. गळाला लागणाऱ्या माशांची संख्या वाढत होती, पण ते मासे बहुतेक बाहेरून आलेले निळसर पराचे महाशीर, म्हणजे टॉर खुद्री, होते. कावेरीचा स्वतःचा कुबड असलेला महाशीर जवळजवळ दिसेनासा होत चालला होता. २०१८ मध्ये त्याला टॉर रेमादेवी हे शास्त्रीय नाव निश्चितपणे मिळाले आणि लगेच अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत त्याची नोंद झाली.

या घटनेतून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही मान्य केल्या पाहिजेत. एक, मासे वाढवून नदीत सोडणे म्हणजे नदी राखणे नव्हे. चांगल्या हेतूने सोडलेला परका मासा घरच्याला हुसकावतो. अमेरिकेतही हेच घडले. सिएरा नेवाडाच्या उंच तळ्यांत मुळात मासेच नव्हते. गळवाल्यांच्या हौसेसाठी तिथे ट्राउट सोडले, आणि त्यांनी तिथल्या बेडकांचा फडशा पाडला. काही तळ्यांतून मासे काढून टाकल्यावर बेडूक परतले. परवान्याचा पैसा परवानाधारकांच्या आवडीच्या माशावरच उधळला जाण्याचा धोका खरा आहे, आणि म्हणून खर्च ठरवताना जीवशास्त्रज्ञाचे मत गळवाल्याच्या मतापेक्षा वर असले पाहिजे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कुबड असलेला महाशीर संपत चालला आहे हे सांगणारी दुसरी कोणतीही सलग नोंद त्या नदीवर नव्हती. सरकारी पाहणी नव्हती, विद्यापीठाची नव्हती. होत्या त्या हौशी माणसांच्या वह्या. अभयारण्यात गळ टाकणे ही शिकारच, असा कायद्याचा अर्थ लावून २०१२ पर्यंत तिथल्या छावण्या बंद झाल्या, आणि त्याबरोबर वह्याही. छावण्या बंद करण्यामागचा विचार मी समजू शकतो. पण मोजणारे डोळे तिथून उठवले आणि त्यांच्या जागी दुसरे बसवले नाहीत, ही चूक होती.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप सगळ्यात जड आहे: नदीचा मासा हे गरिबाचे अन्न, त्याच्यावर परवाना बसवणे म्हणजे गरिबाच्या ताटात हात घालणे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच परवाना फक्त हौशीचा असावा. रायगडातली कातकरी बाई ओढ्यात मासे धरते, भोई कुटुंब पिढीजात नदीवर जगते, कोळीवाड्यातला माणूस खाडीत गरी टाकतो. यांच्यापैकी कुणाकडेही परवाना मागणे अन्याय होईल. सोळा वर्षांखालची मुले, साठीपुढची माणसे आणि गावच्या पाण्यात स्वतःच्या घरापुरते धरणारे गावकरी, यांनाही सूट हवी. सूट म्हणजे नियमात पाडलेले भोक नव्हे. ज्या देशांत हा परवाना चालतो तिथेही मुलांना, वृद्धांना, सार्वजनिक धक्क्यावरच्या माणसाला सूट आहेच. परवाना लागावा तो शहरातून गाडी काढून, दहा हजारांची काठी घेऊन शनिवार-रविवारी धरणावर जाणाऱ्याला. त्याला वर्षाला काही शे रुपये जड नाहीत. आणि हा पैसा ज्या पाण्यातून मिळाला तिथल्या मच्छीमार संस्थेला त्यातला वाटा मिळाला पाहिजे, कारण मत्स्यबीज तिनेच सोडलेले असते.

दुसरा आक्षेप असा की परवाना आला की अडवणूक आली. धरणावर उभा असलेला कुणीही पावती पुस्तक काढेल. ही भीती अनुभवातून आलेली आहे, ती खोडून काढता येणार नाही. तिच्यावर उपाय एवढाच की काठावर पैशाची देवघेवच होऊ नये. शुल्क फक्त ऑनलाइन, परवाना मोबाइलवर, आणि तपासणाऱ्याला तो पाहण्याचा अधिकार, पैसे घेण्याचा नाही. शिवाय तपासणीचा रोख नेमका हवा. सुरुंग आणि विष वापरणाऱ्याला मोकळे सोडून गळवाल्याला दंड झाला तर लोकांचा विश्वास उडेल, आणि तो उडायलाच हवा. तिसरा आक्षेप आकड्यांचा आहे. अमेरिकेत दरवर्षी अडीच कोटींहून अधिक लोक पैसे भरून परवाना घेतात. आपल्याकडे हौशी गळवाले किती, आणि त्यातून मिळणार किती? थोडेच मिळेल. महाराष्ट्रात हा परवाना तिजोरी भरण्यासाठी नकोच. त्याचे मोल नोंदींत आहे. परवान्याच्या नूतनीकरणाला अट घाला की गेल्या वर्षी काय धरले, किती लांबीचे, कुठे, हे भरा; फोटो जोडा. उजनी, कोयना, भंडारदरा, मुळशी या पाण्यांतल्या माशांची कावेरीसारखी वही पाच वर्षांत तयार होईल, आणि ती सरकारला जवळजवळ फुकट मिळेल.

चौथा आक्षेप नैतिक आहे आणि त्याला उडवून लावणे योग्य नाही. पोटासाठी मासा धरणे समजते, पण मजेसाठी त्याच्या तोंडात गळ रुतवायचा आणि मग दयाळूपणे सोडायचा, हे क्रौर्य नाही का? जर्मन कायद्यात वाजवी कारणाशिवाय पृष्ठवंशी प्राण्याला यातना देणे गुन्हा आहे, आणि म्हणून केवळ सोडण्यासाठी धरणे तिथे साधारणपणे मान्य नाही: खायचा असेल तर धरा, नाहीतर धरू नका. हा विचार सरळ आहे. मी मात्र एका ठिकाणी त्याच्याशी पूर्ण जुळत नाही. महाशीरसारखा संकटात सापडलेला मासा चुकून लागला तर तो सोडावाच लागतो, आणि तो जिवंत राहावा म्हणून काट्याविना गळ, ओले हात, पाण्याबाहेर कमीत कमी वेळ, हे शिकवावेच लागते. ते शिकवणारा एक छोटा वर्ग परवान्याआधी सक्तीचा हवा. बव्हेरियासारखा ३० तासांचा नसला तरी दोन तासांचा. ज्याला गळच मान्य नाही त्याच्या मताचा मला आदर आहे, पण नदीतल्या माशांचे खरे शत्रू गळवाल्यांपेक्षा फार मोठे आहेत: धरणांच्या भिंती, शहरांचे सांडपाणी, वाळूउपसा, सुरुंग. यांविरुद्ध बोलणारा आवाज नदीकाठी रोज बसणाऱ्याकडून येतो. मासे मेलेले पहिल्यांदा त्यालाच दिसतात.

म्हणून मत्स्यव्यवसाय विभागाकडे मागणी अशी की सगळ्या राज्यभर एकदम नियम काढू नका. एक जलाशय निवडा, तिथल्या सहकारी संस्थेला सोबत घ्या, जून ते ऑगस्ट हौशी गळ बंद ठेवा, आलेले शुल्क वेगळ्या खात्यात जमा करा आणि त्या खात्याचा जमाखर्च धरणाच्या फाटकावर मराठीत लावा. आणि ज्यांना गळाची हौस आहे त्यांनी कायद्याची वाट न पाहता आजच एक वही करावी: तारीख, पाणी, मासा, लांबी, सोडला की घेतला. परवाना उद्या आला तर ती वही त्याला जोडता येईल. नाही आला तर जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला द्या.